भोंगा सरांचा राउंड

सरांचा आवाज आधी यायचा, सर मागून. लिफ्टचं दार उघडायच्या आत आम्हाला कळायचं, स्वारी आली. मी परदेशीपुऱ्यात वाढले. तिथं मिलचा भोंगा वाजला की सगळ्या मोहल्ल्याची सकाळ व्हायची. मिल बंद पडली, भोंगा गेला, आणि नर्सिंग करून मी नवजात बाळांच्या आयसीयूत लागले, तर तिथं हे! पहिल्याच आठवड्यात मी त्यांना 'भोंगा सर' म्हणून मोकळी झाले आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. सरांना कळलं तेव्हा रागावणं दूरच, उलट खूश. "आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, सिस्टर. तिथं काय कानात हुकूम द्यायचे का?"

आमच्याकडची बाळं म्हणजे ओंजळीत मावतील एवढी. दिवस भरायच्या आत आलेली, काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जंजाळात. सर प्रत्येक पेटीपाशी वाकायचे आणि गर्जायचे, "क्या पहलवान, आज काय विचार आहे? घर जाना है की नाही?" मुलगी असली तरी पहलवानच. काचेबाहेर बसलेल्या आयांना ते ऐकून जिवात जीव यायचा. डॉक्टर एवढ्या जोरात बोलतोय म्हणजे पोर नक्की जगणार! मलाही ते पटायचं, खोटं कशाला बोलू?

आणि अशा माणसानं संशोधनाला विषय कुठला घ्यावा? गोंगाट! वॉर्डातल्या आवाजानं आजारी बाळांचा ऑक्सिजन खाली जातो का, हे त्यांना शोधायचं होतं. संशय अर्थातच आमच्यावर. ट्रे आपटता, स्टुलं ओढता, गप्पा मारता. पेट्यांमध्ये आवाज मोजणारी यंत्रं बसली. स्टीलचे ट्रे गेले, स्टुलांच्या पायांना रबर चढलं, आमच्या चपला बदलल्या. एकदा मी नुसती शिंकले, तर सर दुसऱ्या टोकावरून ओरडले, "सिस्टर, हळू!" त्या ओरडण्यानं दोन बाळं दचकली. पण बोलणार कोण?

काही महिन्यांनी आलेख तयार झाले. सरांनी सगळ्यांसाठी पोहे-जलेबी मागवली आणि मोठ्या थाटात स्क्रीन लावला. आवाजाची रेघ दिवसभर बऱ्यापैकी सपाट, सकाळी मात्र एकदम पहाड. आणि नेमकी तेव्हाच ऑक्सिजनची रेघ खड्ड्यात.

"ही काय भानगड आहे? त्या वेळी ड्यूटी कोणाची असते?" सरांनी विचारलं.

आम्ही सगळ्या जलेबीकडे बघत बसलो. शेवटी मीच म्हणाले, "सर, तो तुमचा राउंड आहे."

हशा पिकला. सरही हसले, मग एकदम थांबले.

सरांच्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरांनी लगेच सावरून घेतलं. "सर, राउंडला आपण बाळांना तपासतो, हात लावतो. त्यानं पण ऑक्सिजन पडत असेल. राउंडचे आकडे सोडून देऊ ना."

"सोडायचे कशाला? बघू की," सर म्हणाले. पुढचे काही दिवस धाकट्या डॉक्टरांनी हलक्या आवाजात राउंड घेतला. तपासणी तीच, हात लावणं तेच. सर काचेबाहेर, आयांच्या रांगेत उभे. बाळांसाठी ऑक्सिजनची रेघ सपाट यावी, आणि सरांसाठी येऊ नये, असं मला वाटायचं.

रेघ सपाट आली.

त्या दिवशी सर मला कॉरिडॉरमध्ये म्हणाले, "मला वाटायचं मी त्यांना हिंमत देतोय."

मला रागच आला. "काहीतरीच काय सर! किती पोरं तुम्ही मरणाच्या दारातून ओढून आणलीत!"

"आणली. आणि रोज सकाळी घाबरवलीही. दोन्ही खरं आहे, सिस्टर." मला रडूच फुटलं. त्यांनी मात्र शोधनिबंधात सगळं जसंच्या तसं लिहिलं, आवाज कोणाचा होता तेसुद्धा.

त्यानंतर सर वॉर्डात तोंड मिटून यायचे. वाकायचे, तपासायचे, खुणेनं सांगायचे आणि पुढच्या पेटीकडे जायचे. बाळं मजेत. बाहेर मात्र हाहाकार! हातोद गावची एक बाई माझा हात धरून रडायला लागली, "दीदी, डॉक्टरसाहब चुप क्यों हैं? मेरा बच्चा बचेगा ना?" तिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. पोर ठणठणीत घरी गेलं, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

आता सर निवृत्त होऊन राऊला राहतात. मधूनमधून पोरांची चौकशी करायला फोन करतात. मी वॉर्डाबाहेर जिन्यात जाऊन घेते, तरी सर इतकं हळू बोलतात की काही ऐकू येत नाही. परवा न राहवून मीच म्हणाले, "सर, मी बाहेर आलेय. इथं कोणी झोपलेलं नाही. बोला ना मोठ्यानं!"

पलीकडून तसंच, पुटपुटल्यासारखं: "घरी करून पाहिलं, सिस्टर. आता आवाज निघतच नाही."