बंद फ्रीझरमधलं कॉलेज

आर्डिस यलो हॉक कॉलेजात आली ती एका दुपारपुरती, आणि तीही थोरल्या बहिणीकडून स्वतःचं पातेलं परत न्यायला. धरण बांधून झाल्यावर मजूर जे दोन ट्रेलर टाकून गेले होते, त्यांत अमेरिकेतल्या लकोटा आदिवासींचं कॉलेज नुकतंच उघडलं होतं. विद्यार्थी बारा. त्यातले तिघे आपला तास संपला की बाकावरून उठून फळ्याशी जात आणि दुसरा विषय शिकवत. बहीण जिनिव्हा लकोटा भाषा शिकवायची. पातेलं हाती येण्याआधीच कुणीतरी आर्डिसला विचारलं, "टाइप येतं का?"

"दोन बोटांनी."

"इथे बाकीच्यांना तेवढंही येत नाही."

पातेलं तिथेच राहिलं, आणि आर्डिसही.

नोंदी ठेवायला कपाट नव्हतं. जिनिव्हाचा नवरा विल्मर हा कॉलेजचा एकमेव दुरुस्तीवाला. त्याने कुठूनसा एक बिघडलेला डीप फ्रीझर ओढत आणला. "यात उंदीर शिरत नाही, पाणी शिरत नाही, आणि वीज तर कधीचीच गेली आहे," तो म्हणाला. पुढच्या बारा वर्षांत दोन ट्रेलरांचे सात झाले, सातांची विटांची इमारत झाली, तिला जिमचा मोठा हॉल जोडला गेला. दर स्थलांतरात चार माणसं लावून फ्रीझर पुढे गेला. वसंत सत्राचे गुण अजूनही 'हरणाचं मांस' अशी चिठ्ठी असलेल्या कप्प्यात होते.

दाजी आणि मेहुणी म्हटल्यावर एकमेकांशी थट्टेशिवाय बोलायची सोयच नव्हती. विल्मर रोज दारातून विचारायचा, "मेहुणबाई, आज काही वितळलं का?"

"तुमची अक्कल, दाजी. पुसून घ्या."

आर्डिसचा एकच हट्ट होता: कागद. सुट्टी हवी तर अर्ज, खुर्ची हवी तर अर्ज. जिनिव्हा गेली, त्याच्या पुढच्या आठवड्यात विल्मर डोळे पुसत विचारायला आला, की वर्षश्राद्धाला हॉल मिळेल का. आर्डिसचेही डोळे सुजलेलेच होते. तिने फॉर्म पुढे सरकवला.

"बायको माझी, बहीण तुझी, हॉलची किल्ली माझ्या खिशात. आणि फॉर्म?"

"तीन प्रतींत."

त्याने भरला. मग दोघं वर्षभर, उजाडल्यापासून कामावर जाईपर्यंत, मधोमध मोठा तारा असलेल्या गोधड्या जमवत आणि शिवत राहिली. वर्ष भरलं की मेलेल्या माणसाच्या नावाने सगळं वाटून टाकायचं, ही लकोटांची रीत. बेचाळीस गोधड्या झाल्या. विल्मरने शिवलेल्या तीन गोधड्यांवरचे तारे जरा दारू प्यायल्यासारखे दिसत, पण ते तारे होते.

आणि वर्षश्राद्ध ज्या गुरुवारी, नेमक्या त्याच गुरुवारी कॉलेजची तपासणी करायला मान्यता समिती येणार असं पत्र आलं. मागच्या भेटीत समितीने लिहिलं होतं, 'मागितलेली नोंद वेळेत मिळेल याची खात्री वाटत नाही.' आर्डिसने ते वाक्य कापून फ्रीझरच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. या वेळी मान्यता हुकली तर नर्सिंगच्या एकोणीस मुलींना राज्याच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं. त्या प्रत्येकीचे गुण आर्डिसने दोन बोटांनी टाइप केले होते.

कॉलेजचा तरुण अध्यक्ष डॅरेल घामाघूम होऊन आला. "मावशी, कार्यक्रम एक आठवडा पुढे ढकलता येईल?"

"एक तारीख समितीने ठरवली, दुसरी जिनिव्हाने. यातल्या कोणाला फोन लागतो?"

"समितीला."

"मग लाव."

त्याने लावला. समिती हलली नाही.

गुरुवारी तिघे सभासद आले. प्रमुख हॅल्वर्सन उंच, फिकट आणि सौजन्याने कडक होता. कॉलेजकडून काही घ्यायचं नाही असा नियम असल्याने त्यांनी घरून सँडविच आणली होती आणि ती गाडीत बसून खाल्ली. हॉलमध्ये गव्याच्या मांसाचा रस्सा उकळत होता, म्हाताऱ्या मंडळींनी उरलंसुरलं न्यायला डबे मांडले होते, आणि गाडीत बसून खाणाऱ्या पाहुण्यांबद्दल सगळ्यांना फार वाईट वाटत होतं.

"यांच्या घरी बायका नाहीत वाटतं," एक आजी म्हणाली.

वाटपात लांबून आलेल्यांचा मान पहिला. विल्मरने माईकवर हॅल्वर्सनचं नाव घेतलं. जिनिव्हाच्या हातची शेवटची गोधडी, लाल-पिवळी, त्याच्या खांद्यावर टाकायला तो पुढे झाला. हॅल्वर्सनने हात वर केला.

"माफ करा. कॉलेजकडून भेट घेता येत नाही. घेतली तर हा अहवाल रद्द होईल."

ढोल थांबला. तीनशे माणसं हॅल्वर्सनकडे बघू लागली. गोधडी नाकारणं म्हणजे जिनिव्हालाच दारातून परत पाठवणं. गोधडी घेतली तर एकोणीस मुली घरी. डॅरेलने डोळे मिटून घेतले.

आर्डिस उठली आणि बाहेर गेली. मेहुणी रुसून गेली असंच सगळ्यांना वाटलं. चार मिनिटांनी ती परत आली. हातात तीन कागद होते.

"हा हॉलचा फॉर्म. मागणारा विल्मर, खाजगी व्यक्ती. तारीख वर्षापूर्वीची, तुमच्या पत्राच्या दहा महिने आधीची. हा त्याचा आजच्या सुट्टीचा अर्ज, मंजूर. हा माझा. आज आम्ही दोघं कॉलेजचे कोणी नाही. ही गोधडी माझ्या बहिणीची आहे, आणि तिनेही नोकरी सोडली आहे."

हॅल्वर्सनने कागद वाचले. दोनदा वाचले.

"हे कुठे होतं?"

"फ्रीझरमध्ये. अर्ज आणि रजा, मधला कप्पा."

"शोधायला चार मिनिटं लागली."

"झाकण गंजलंय," विल्मर माईकवरच म्हणाला. "नाहीतर दोन."

हॅल्वर्सनने चष्मा काढून खिशात ठेवला आणि खांदे जरा खाली वाकवले. तो फार उंच होता, आणि विल्मरचा हात पोहोचत नव्हता.

महिन्याभराने मान्यतेचं पत्र आलं. शिफारस एकच होती: नोंदींसाठी अग्निरोधक कपाट घ्यावं. कपाट आलं. आर्डिसने त्यात गोधड्यांचा कापूस भरला आणि फ्रीझरच्या झाकणावरचं जुनं वाक्य काढून तिथे हे पत्र चिकटवलं.

त्या आठवड्यात हॅल्वर्सनचा फोनही आला. गोधडी मशीनमध्ये धुतली तर चालेल का, असं विचारत होता.

"हातानेच. गार पाण्यात. आणि सावलीत वाळवा," आर्डिस म्हणाली. मग फोन ठेवून तिने त्या फोनची नोंद टाइप केली.

दारातून विल्मर बघत होता. "आता तो धुलाईचा अर्जही भरणार का, मेहुणबाई?"

"पाठवलाय, दाजी," ती म्हणाली. "तीन प्रतींत."