आधी पोट, मग छाती

ये रे सुहास, असा जवळ बस, या कागदापुरता का होईना. आणि आधी माझी बोलणी खा. परवा आलास, अंगावर फौजदाराची नवी वर्दी, मला कौतुकच वाटलं. पण कमरेचं ते नवंकोरं पिस्तूल काढून माझ्या पोळपाटाशेजारी ठेवलंस आणि वर म्हणालास, "रिकामंच आहे गं आजी." लाटता लाटता माझा हात का थांबला, हे काही तू विचारलं नाहीस. म्हणून लिहिते. तुझ्यासाठी, आणि ज्यांनी सावंतभावोजींना कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठीही.

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत अनंत सावंत फौजदार शेजारच्या खोलीत राहायचे. दोन्ही घरांच्या मधे विटांची भिंत नव्हती, लाकडी फळ्या होत्या. ते शिंकले की आम्ही इकडून 'शतंजीव' म्हणायचं. माणूस ताडमाड, पण चालणं मांजराचं. रविवारी चटई टाकून हत्यार पुसायला बसत. पुढ्यात वाळूनं गच्च भरलेली लोखंडी बादली, पिस्तुलाचं तोंड त्या वाळूकडे, आणि बोट चापापासून लांब. मंगलचा, म्हणजे तुझ्या आईचा, पाळणा फळ्यांच्या अलीकडे होता, म्हणून मी एकदा भीत भीत विचारलं. तर म्हणाले, "वहिनी, ही बादली तिच्यासाठीच."

त्यांचा एक मंत्र होता. "आधी पोट, मग छाती, हाडं शेवटी." मुठीत गोळ्यांचं मॅगझिन बसतं, ते पोट. ते आधी काढून मोरीजवळच्या फडताळात ठेवायचं, गोळी चटईच्या आसपाससुद्धा नको. मग वरचा भाग मागे ओढून धरायचा आणि नळीच्या मागे एखादी गोळी दडून बसली नाही ना, हे डोळ्यांनी बघायचं, करंगळीनं चाचपायचं. ती छाती. त्यानंतरच एकेक भाग सुटा करून पुसायचा, तेलाचं बोट लावायचं. "क्रम उलटा झाला तर पोटातली गोळी छातीत चढते," म्हणायचे. एकदा सोमवारीही बसले, तेव्हा मी हसून म्हटलं, "अहो भावोजी, कालच तर पुसलंत!" त्यावर म्हणाले, "कालचं रिकामं आज धरू नये, वहिनी."

मुंबई आपल्याला मिळावी म्हणून पेटलेले ते दिवस. हिवाळ्यात गोळीबार झाला, आणि त्यानंतर चाळ सावंतांशी बोलेनाशी झाली. नळावर त्यांच्या बायकोची, सुमतीची, कळशी आली की बायका गप्प व्हायच्या. समोरच्या खोलीतल्या गणूचा भाऊ त्या गोळीबारात पायानं अधू झाला होता. भावोजी त्या दिवशी त्या नाक्यावर नव्हते. पण खाकी ती खाकी.

नवरात्रात त्यांना नवं पिस्तूल मिळालं. खंडेनवमीला हत्याराची पूजा. भावोजींनी सकाळी नेहमीच्या क्रमानं ते रिकामं केलं, पाटावर ठेवलं आणि आंघोळीला गेले. सुमतीनं हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. संध्याकाळी बंदोबस्त होता, म्हणून दुपारीच ते बादली पुढ्यात घेऊन पिस्तुलावरचं कुंकू पुसायला बसले. तेवढ्यात गणू गॅलरीतून जाता जाता दारात थांबला.

"काय फौजदार, पूजा कुणाच्या नावानं? आमच्या?"

भावोजींनी मान वर केली. पोट तर सकाळीच काढलेलं, म्हणून हात सरळ छातीवर गेला. वरचा भाग ओढला आणि सोडला, पण डोळे गणूवर. त्या जातीचं पिस्तूल सुटं करायला चाप एकदा ओढावा लागे. तो ओढला.

आवाज असा झाला की माझ्या फळीवरचं पितळेचं तबक खाली आलं. मी पाळण्याकडे धावले. मंगल किंचाळत होती. तिचं डोकं, पोट, पाय सगळं चाचपलं आणि तिला कडेवर घेऊन पलीकडे गेले. खोलीभर वाळू उडालेली. भावोजी जागचे हललेले नव्हते, पिस्तुलाचं तोंड अजून बादलीकडेच. चेहरा राखेसारखा. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मंगल?"

"आहे," मी म्हटलं. "ही बघा."

सुमती कपाळ बडवत होती. "देवाफुडे रिकामा कसा ठेवूचा? म्हणान मिया त्येचा पोट भरलंय!" शेजारणीची वाटी आपण कधी रिकामी परत करत नाही ना, चिमूटभर साखर तरी घालतो. तसंच तिनं ते मॅगझिन फडताळातून आणून मुठीत सरकवलं होतं. नवरा ते कसं बसवतो, हे रोज बघत होती ती.

एव्हाना सगळी चाळ गॅलरीत. "पोलिसानं चाळीत गोळी घातली," असा गलका जिन्यावरून खाली पोचला, आणि खालून दगड यायला लागले. भावोजींनी ते पिस्तूल क्रमानं रिकामं केलं, कुलपात ठेवलं आणि एकटे बाहेर गेले. मी मागोमाग, मंगलला सगळ्यांना दिसेल अशी धरून. त्यांनी हात जोडले. "गोळी माझ्या हातून सुटली. वाळूत आहे. आत येऊन बघा."

गणू आत जाऊन बघून आला. "आज वाळूत," तो म्हणाला. "उद्या?"

दगड थांबले, माणसं पांगली, पण तो प्रश्न गॅलरीत तसाच उभा राहिला.

सुमतीचं नाव त्यांनी बाहेर काढलं नाही. वरिष्ठांना स्वतः जाऊन सांगितलं, शिक्षा घेतली. ती रडायला लागली की म्हणायचे, "तू देवाचं केलंस. तपासायचं काम ज्याच्या हातात, त्याचं." पुढे ते अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत गेले. मंगलच्या लग्नात आले तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला तो कितीतरी वेळ उचलला नाही. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले, तर मला म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी माझी बादली कामी आली, पण गणूला उत्तर द्यायचं राहून गेलं." दोन दिवसांनी गेले.

तुझ्या भागात सध्या रोज मोर्चे निघतात, असं मंगल सांगत होती. काळजीचं ती काही बोलत नाही, पण फोनवरचा तिचा आवाज मला कळतो. जेवायला वेळ नसेल तर नको थांबूस. पण बाळा, लवकर ये. खाली चौकात उभा राहून नुसती हाक मार, मी गॅलरीत येऊन तू धड आहेस ना, हे डोळ्यांनी बघेन.