गुंडूच्या पेशी
डॉक्टरांनी पथ्य सोडलं आणि मी बाई अधाशासारखी ताटभर कोळंबी हाणली. आता झोपाळ्यावर अंग टाकलंय, धुतलेल्या हातालाही कालवणाचा वास आहे. डोळे मिटतायत, आणि ओटीच्या पायरीवर गुंडू बसलाय.

गुंडू माझा धाकटा भाऊ. मला ल्युकेमिया झाला तेव्हा त्याने आपला बोन मॅरो दिला. मी वाचले, आणि पुढच्याच पावसाळ्यात मोटरसायकल घसरून तो गेला.

"खाल्लीस गो सगळी?"

"तुझ्या वाटची पण!"

लहानपणापासून त्याच्या वाटची मीच खायची. कोळंबी तोंडाला लागली की याची मान गांधींनी सुजायची आणि अख्खी वाडी हसायची, समुद्रकाठी जन्मला नि कोळंबी सोसत नाही!

आता पायरी नाही, इस्पितळातली काचेची खोली आहे. वर टांगलेल्या पिशवीतून गुंडूच्या पेशी माझ्यात उतरतायत, आणि गुंडू माझ्याच खाटेवर पाय पसरून बसलाय.

"गुंडू, आजार उलटेल का रे? मला फार भीती वाटते. सकाळी उठले की आधी पोटऱ्या बघते." पहिल्यांदा तिथेच दिसले होते, बारीक लाल ठिपके.

"तुझ्या पांढऱ्या पेशी कच्च्याच वाढत सुटल्या होत्या. त्या गेल्या. आता राखणीला माझ्या आहेत."

"कशा आहेत?"

"माझ्यासारख्याच. कामाच्या, पण भांडकुदळ."

खाटेखाली भरतीचं पाणी आलंय, कोमट. मी त्याचा हात धरते. "तुझे उपकार कसे फेडू रे?"

"उपकार कसले, बाये? मान खाजव."

जाग येते. मान खरंच खाजतेय. हे चहा घेऊन आलेत, माझ्याकडे बघून पांढरेफटक पडतात.

"अगं, लाल डाग!"

मी धावत आरशापाशी जाते. ठिपके नाहीत. टपोऱ्या गांधी उठल्यात, कानाखालून गळ्यापर्यंत, थेट गुंडूला उठायच्या तशा. देणाऱ्याची ॲलर्जीही कधीकधी सोबत येते, असं डॉक्टर एकदा म्हणाले होते. तेव्हा कोळंबी कुणाच्या डोक्यातसुद्धा आली नव्हती.

हे फोनकडे धावतात.

"लावा, डॉक्टरांना विचारा," मी म्हणते. रडतेय की हसतेय, माझं मलाच कळत नाही. "आणि उरलेली कोळंबी तुम्ही संपवा. गुंडूला सोसत नाही."