गणपतीच्या पोटातला नकाशा

ब्रिटिश साम्राज्याचा एक अस्सल नकाशा आमच्या घराने नष्ट केला आहे, आणि त्यात देशप्रेमाचा काहीही संबंध नाही.

हा नकाशा आमच्या पेणच्या घरात माळ्यावर, पत्र्याच्या नळकांड्यात असे. माझे खापरपणजोबा साहेबाच्या सर्व्हे पार्टीत जमीन मोजायची साखळी ओढायला होते. धरमतरच्या खाडीपासून आत डोंगरापर्यंतचं सगळं रान तेव्हा साहेबाच्या लेखी कोरा कागद होता. (तिथे राहणाऱ्यांच्या लेखी ते घर होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.) ते रान साहेबाने 'शोधून काढलं'. म्हणजे खापरपणजोबा साखळी घेऊन पुढे चालले, आणि साहेब टोपी घालून मागून! पुढे नकाशा छापला गेला. त्याची एक प्रत साहेबाने जाताना बक्षीस म्हणून दिली, की साहेबाचं सामान बांधताना ती चुकून खापरपणजोबांच्या वळकटीत बांधली गेली, याबद्दल आमच्या घरात आजही दोन पक्ष आहेत.

नकाशा देखणा होता. कोपऱ्यात होकायंत्र. खाडीत एक मासा, जो धरमतरला आजवर एकाही कोळ्याच्या जाळ्यात आलेला नाही. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, आणि मुंग्यांएवढ्या अक्षरांत इंग्रजी नावं. ती मी कधी वाचली नाहीत. शत्रूचं साहित्य मी लांबूनच बघत असे.

कारण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडिलांना पत्रकं काढायचा नाद. मी वाचायला शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी माझी स्वतःची दोन पत्रकं निघाली. दोन्ही खूप वाचली गेली, म्हणजे दोन्ही आमच्या आईने वाचली.

पहिल्याचं शीर्षक होतं, 'गुलामगिरीच्या खुणा घरात ठेवू नका!' दुसरं होतं आत्याच्या कारखान्यासाठी. माझ्या आत्याचा रामवाडीला गणपतीचा कारखाना आहे, सगळं काम प्लास्टरचं. पाण्यात न विरघळणाऱ्या देवाविरुद्ध मी तिच्याच ओट्यावर बसून वर्षभर भाषणं केली. शेवटी ती म्हणाली, "एक कागदाचा करून बघते. पन कागद तू आनायचा, आनि मी काम करत असताना तोंड मिटून बसायचं. जमंल?" पहिली अट मी लगेच मान्य केली आणि पत्रक काढलं, 'घरातला प्रत्येक जुना कागद श्रींच्या चरणी!'

पावसाळा नुकताच सुरू झाला होता. त्याच सुमारास रोह्याकडच्या करंजखोल वाडीचं प्रकरण आलं. नदीच्या वळणावर रानाला लागून असलेली ही आदिवासी वाडी. बाजूच्या डोंगरावर एका खाणमालकाचा डोळा होता. त्याचं म्हणणं, ही वाडी कालपरवा वसली, हे अतिक्रमण आहे, उठवा. रोह्याला प्रांतसाहेबांपुढे सोमवारी सुनावणी लागली. वाडी जुनी असल्याचा कागद दाखवा, नाहीतर घरं पाडा, इतका साधा मामला होता. वाडीकडे घरं होती, माणसं होती, पुरलेले पूर्वज होते. कागद तेवढा नव्हता.

मी वाडीवर गेले तेव्हा तिथल्या सगळ्यांत वयस्क सोमीआजीने मला विचारलं, "पोरी, तू एवढी लिवतेस. तुज्याकं हाय का गो कागद?"

"आहे!" मी म्हणाले. "साहेबाचा स्वतःचा नकाशा आहे! नदीच्या वळणावर घरांचे ठिपके आहेत, मी पाहिलेत! सोमवारी तो नकाशा प्रांतसाहेबांच्या टेबलावर नसेल तर माझं नाव बदला!"

आजीने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला तिथेच गप्प बसता आलं असतं, पण मी आणखी वीस मिनिटं बोलले.

रविवारी दुपारी मी माळ्यावर चढले. नळकांडं हलकं लागलं. उघडलं तर आत उदबत्त्या!

"आई! यातला नकाशा कुठाय?"

"कुठला?" आई खालून म्हणाली. "तो साहेबाचा? दिला."

"दिला? कुणाला?"

"गणपतीला."

मी माळ्यावरून उतरले की पडले हे आता आठवत नाही.

"अगं, तूच नाही का लिहिलंस," आई शांतपणे तांदूळ निवडत म्हणाली, "गुलामगिरीच्या खुणा घरात ठेवू नका म्हणून? म्हटलं, पोरीचं बरोबर आहे. मग बाहेर टाकायला निघाले तर तुझंच दुसरं पत्रक समोर. प्रत्येक जुना कागद श्रींच्या चरणी! तुझ्या वडिलांची सगळी मिळून मला एवढी पटली नव्हती. वन्संकडे स्वतः नेऊन दिला." मग जरा थांबून म्हणाली, "का गं? पत्रकं दुसऱ्यांसाठी होती का?"

मी रामवाडीपर्यंत पळत गेले. आत्या कारखान्यात मोदकांना पांढरा हात देत होती.

"आत्या, आईने दिलेला नकाशा?"

"अगो, काय कागद व्हता तो!" आत्याचा चेहरा उजळला. "वर्तमानपत्र खळीत टाकलं की पार गळून जातंय. हा नाय गळला. खळ प्याला आनि वर ताठच्या ताठ! मंग म्हनलं, हा वाया नाय घालवायचा. साच्यात आधी वर्तमानपत्राचे थर दिले, आनि सगळ्यांत आतून हा लावला. देवाच्या पोटाला आधार."

तिने बोट दाखवलं. कोपऱ्यात दोन फुटांचा गणपती बसला होता. पांढराशुभ्र, डोळ्यांची आखणी व्हायची बाकी. मी त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि खालून आत पाहिलं. बूड अजून उघडंच होतं. आत धरमतरची खाडी होती! निळ्या नद्या होत्या, तपकिरी डोंगर होते. माझी आत्या फार नीटनेटकी बाई. नकाशाचे तिने उभे पट्टे फाडले होते, आणि ज्या क्रमाने फाडले त्याच क्रमाने, छापील बाजू आत ठेवून चिकटवले होते.

"आत्या, सुरी दे."

"कशाला?"

"पोट कापायचं आहे."

रंगाचा ब्रश हातात धरून आत्या उभी राहिली. "तू देव मानत नायस, ठाव हाय मला. पन हे मी केलंय. हात लावून तर बघ!"

मी वाडीचं सांगितलं. घरं पाडतील म्हणाले. आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग तिने गणपतीला जुन्या साडीत गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "मंग सबंध घेऊन जा. पुरावा पोटात असला म्हनून काय झालं? तोंडानं बोलायला तू हायसच की."

सोमवारी सकाळी पेणच्या स्टँडवर मी रोह्याच्या एसटीत चढले. आजवर एकाही मूर्तीपुढे हात न जोडलेली मी, मांडीवर गणपती घेऊन.

कंडक्टर म्हणाला, "ताई, चतुर्थीला अजून लय दिवस हायत. एवढी घाई?"

"हा गणपती नाही, पुरावा आहे," मी म्हणाले.

शेजारच्या बाईने हात जोडले. "व्हय गो बाय. हल्ली लोकं देवाचा पन पुरावा मागतात." नागोठण्याला उतरताना तिने डोक्यातलं जास्वंदीचं फूल काढून त्याच्यावर वाहिलं. मागच्या बाकावरचे दोघे पुढे येऊन पाया पडले. (एकाने पायाऐवजी माझा गुडघा धरला.) रोह्याला पोचेपर्यंत पुराव्याला तीन फुलं, एक केळं आणि उदबत्तीचा वास लागला होता.

कचेरीत शिपायाने दारातच चपला काढल्या. त्याचं बघून कारकुनांनी काढल्या. सोमीआजी आणि वाडीची माणसं भिंतीला टेकून उभी होती. मी गणपती साहेबांच्या टेबलावर ठेवला. माझा शब्द अक्षरशः खरा झाला होता, पण आजीच्या चेहऱ्यावर ते दिसेना.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"नकाशा, सर."

खाणमालकाचे वकील उठले. "माझी हरकत आहे. हा उघड उघड गणपती आहे!"

मी खुलासा केला. साहेब गंभीर माणूस. त्यांनी चष्मा पुसला. "आत आहे ना? मग उलटा करा, बघू."

कोणीच हललं नाही. शिपाई म्हणाला, "साहेब, माझी नोकरी घ्या, पन मी देवाला उलटा नाय करनार." साहेबांनी वकिलांकडे पाहिलं. वकील मागे सरकले. मी पुढे झाले, तर सोमीआजी भिंतीपाशी पुटपुटली, "नको गो माय. आमची घरं जायाची ती जातील, वर अजून पाप नको."

शेवटी साहेबांनीच मार्ग काढला. दोन टेबलं जवळ आणली, मध्ये वीतभर फट ठेवली, फटीवर गणपती बसवला आणि साहेब स्वतः जमिनीवर सतरंजी टाकून उताणे झोपले. मोबाइलचा उजेड वर धरला. त्या दिवशीची सुनावणी टेबलाखालून झाली, आणि ती अत्यंत गांभीर्याने झाली.

"नदी दिसते," टेबलाखालून आवाज आला. "लिहून घ्या. नदी उजव्या मांडीतून पोटात येते. बेंबीपाशी वळण. वळणावर घरांचे ठिपके... आहेत!"

वाडीची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मी मूठ आवळली.

"नाव वाचतो. टी, ओ, डब्ल्यू... टाउकनाय."

वकिलांचा चेहरा खुलला. "टाउकनाय! सर, आपल्यापुढे करंजखोलचं प्रकरण आहे. ही दुसरीच कुठली तरी वस्ती. म्हणजे करंजखोल तेव्हा नव्हतीच!"

माझा नकाशा माझ्याच डोळ्यांदेखत उलटला होता. अशा वेळी शहाणी बाई पाणी पिते. मी भाषण सुरू केलं. साम्राज्यशाहीने आमची नावं कशी चिरडली, परक्याच्या जिभेवर आमची भूमी कशी मोडली, कागदाची सत्ता, सत्तेचा कागद! मी तिसऱ्या मुद्द्यावर आले, आणि मागून कोणीतरी हसलं.

सोमीआजी हसत होती. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"गप गो जरा," ती मला म्हणाली. मग टेबलाकडे वाकून, "ओ साहेब, परत बोला तो काय लिवलाय."

"टाउकनाय."

"ठावक नाय! अवो, ठावक नाय! माजा पणजा सांगं. गोरा साहेब आला, इचारलान, या गावाचा नाव काय? पणजा बोलला, ठावक नाय. नाव सांगितला का दुसऱ्या दिशी शिपाई नाव घेत येनार, वेठीला धरनार. तंबू वाहा, हंडे वाहा. म्हनून कोनी सांगायचा नाय. त्यानं तोच लिवून नेलान?"

टेबलाखालचा उजेड बेंबीपासून वर सरकला.

"आजी," साहेबांनी विचारलं, "वळणाच्या वर एक डोंगर आहे. त्याला तुम्ही काय म्हणता?"

"गाढीचा डोंगर. त्यानं काय लिवलाय?"

"टिकडे."

"तिकडं!" अख्खी वाडी ओरडली.

"आणि पलीकडच्या ओढ्याला मलाकाय."

"मला काय!" या वेळी शिपाईही ओरडला.

"कल्पनाविलास आहे, सर!" वकील म्हणाले. "अशिक्षित बाईच्या ऐकीव गोष्टीवर—"

साहेब टेबलाखालून बाहेर आले. केसांना खळीचे कण लागले होते. त्यांनी कपडे झटकले आणि खुर्चीत बसून अगदी सावकाश म्हणाले, "वकीलसाहेब, नाव न सांगायलासुद्धा तिथे माणूस असावा लागतो."

मला एकदम खापरपणजोबा आठवले. आयुष्यभर मी त्यांना साहेबाचा हमाल समजत आले. त्या दिवशी ते साखळी धरून शेजारीच उभे असणार. मराठी त्यांना येत होतं, साहेबाला नव्हतं. ठावक नाय म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठावक होतं. एक शब्द बोलले असते तर वाडीचं नाव कागदावर आलं असतं आणि माणसं वेठीला गेली असती. ते गप्प बसले. आमच्या घराण्यात हा गुण त्यांच्यापाशीच संपला.

साहेबांनी पोटाचे आतून फोटो काढून घेतले, जागेवर जाऊन पाहणी केली, आणि महिन्याभरात निकाल दिला. वाडी जुनी ठरली. घरं राहिली. आत्याने त्या गणपतीच्या डोळ्यांची आखणी करून तो वाडीला दिला, आणि चतुर्थीला मी तिथे आरतीला उभी होते. (मागे. टाळ्या वाजवल्या नाहीत.)

निकालाची प्रत सोमीआजीने मला वाचून दाखवायला सांगितली. अख्खी वाडी बसली होती. मी खड्या आवाजात सुरुवात केली. निकालात आजीच्या पणजोबांचा उल्लेख होता, ज्यांनी नाव सांगितलं नाही. आजीचा होता, जिने ते ओळखलं. दस्तऐवज मूर्तिकामास देणाऱ्या माझ्या आईचा होता, आणि तो क्रमाने चिकटवणाऱ्या आत्याचाही होता. माझा उल्लेख अगदी शेवटी आला, आणि तोही मला मोठ्याने वाचावा लागला:

"वाडीतर्फे एक तरुणी हजर होत्या. त्यांनी बरेच म्हणणे मांडले. प्रकरणाशी संबंध आढळून न आल्याने ते नोंदविलेले नाही."