बाकाखालच्या चपला

नांदेडच्या दवाखान्यात आयसीयूबाहेर मी आणि उमरीकडची एक ख्रिस्ती बाई एकाच बाकावर बसलो होतो. आत माझा भाऊ होता आणि तिचा मुलगाही. दार करकरलं की ती दचकायची, मग चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन प्रार्थना करायची.

एकदा माझ्या भावासाठीही केली. शेवटी म्हणाली, "देवा, तुझ्या मर्जीपरमानं होऊ दे."

मी चिडलो. "मावशी, त्याला बरं कर म्हणा की!"

"ते आधीच म्हनले, दादा. माझ्या लेकरासाठी बी असंच म्हनते. लई भेव वाटतंय. पर ज्याच्या हातात हाय, त्यालाच भेव सांगायचं. दुसरं कुनाला सांगू?"

तेवढ्यात तिच्या मुलाचं नाव पुकारलं. चपला बाकाखालीच ठेवून ती अनवाणी आत गेली.

थोड्या वेळानं दार पुन्हा करकरलं. देवाला काय म्हणायचं ते मला येत नव्हतं. मी नुसत्या चपला काढल्या.