नित्या, किती व्होल्टवर?

चार माणसं दर रविवारी एकाच गच्चीवर बसायला लागली की किस्से साचणारच. पाण्याच्या टाकीच्या बुडाशी गाळ साचतो, तसं. मुद्दाम कोणी टाकत नाही, पण एखाद्या दिवशी झाकण उघडावं तर हातभर निघतो. आमच्या टाकीतला बराचसा गाळ नितीन परातेचा आहे. आणि सांगणारा माणूस या नितीनवर मनापासून जळतो, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको.

गच्ची माझी, मनीषनगरातली. खाली माझं विजेच्या सामानाचं दुकान. मी मंगेश, कन्हानला बांधकामाचे ठेके घेणारा घाटोळे, शेजारचे रिटायर्ड बोबडे काका आणि विमा कंपनीतला नितीन, असे आम्ही चौघं. चौघंही एकेकाळचे पट्टीचे सिगारेटवाले. ती सोडायची म्हणून मीच पहिल्यांदा वेपचं यंत्र आणलं आणि मग एकेकाकडे ते आलं.

यंत्रात विशेष काही नाही. खाली मुठीत मावेल असा बॅटरीचा डबा, त्याला व्होल्ट कमी-जास्त करायची बटणं आणि एवढासा स्क्रीन. वर ॲटोमायझर, म्हणजे एक छोटी वाटी. वाटीत बारीक तारेची कॉइल, कॉइलमधून ओवलेला कापूस, कापसावर वासाचा रस. बटण दाबलं की तार तापते, रसाची वाफ होते, ती ओढायची. तयार कॉइल मिळत होत्या तोवर कोणाला काही यायची गरज नव्हती. मग बंदी आली, दुकानं मिटली, आणि ज्याला घरी बसून तार वळता येते तो राजा झाला.

तो राजा मी होतो. रविवारी संध्याकाळी तिघं आपापली वाटी माझ्यासमोर आणून ठेवत. आणि आमचा एक रिवाज होता, जो कॉइल वळेल त्याचा पहिला कश. यंत्र कोणाचंही असो, मालकानं थांबायचं. दिवसभर दुकानात लोक मला "भाऊ, याच्यात काही कमी करा ना" म्हणतात. इथे तीन मोठी माणसं माझ्या तोंडाकडे पाहत थांबलेली असायची. ते सुख मला फार आवडायचं.

*

नितीन आमच्यात शेवटी आला. एका रविवारी म्हणाला, "मले शिकव ना गा वळायला. दर वेळी तुले काहून त्रास?"

मी शिकवलं. माझा स्क्रूड्रायव्हर दिला, त्यावर तार कशी गुंडाळायची, तिची टोकं स्क्रूखाली कशी दाबायची, सगळं दाखवलं. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेताना माणूस किती खुशीत असतो, ते त्या दिवशी पाहायला हवं होतं.

पुढच्या रविवारी त्यानं स्वतः वळून आणली. बटण दाबल्यावर तार मधून लाल झाली आणि तो लाल रंग दोन्ही बाजूंना सारखा पसरत गेला. माझी तार नेहमी एका कोपऱ्यातून पेटायची आणि मी म्हणायचो की ती तशीच पेटते.

बोबडे काका आमचे परीक्षक. माझ्या कॉइलवर त्यांचा निकाल ठरलेला, "चालते." नितीनच्या कॉइलचा कश घेऊन त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"वा गा," काका म्हणाले.

"असा हात कुठून आणला बे?" घाटोळेनं विचारलं.

"आजोबा उमरेडले मागावर बसायचे," नितीन म्हणाला. "तुटलेला धागा असा सांधायचे, का हुडकून मिळायचा नाही."

माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. ते गूळ विकायचे. गुळाच्या ढेपेचा अनुभव नातवाला कॉइल वळताना कामी येत नाही.

*

घाटोळेला वाटलं, नितीनला जमतं तर आपल्याला का नाही. तो बहाद्दर एका रविवारी आपलं यंत्र घेऊन आला आणि म्हणाला, "नित्या, पाहय ना, चालून नाही राहिलं."

इथे माझं डोकं फिरलं. व्होल्ट माझा धंदा आहे. ओहम मोजायचं मीटर माझ्या खिशात असतं. मी समोर बसलो होतो आणि हा विमावाल्याला विचारत होता.

मी यंत्र ओढूनच घेतलं. स्क्रीनवर शॉर्ट दाखवत होतं. वरची वाटी उघडली तर आत काळी, जाड, दातांनी वाकवल्यासारखी तार.

"अबे घाटोळ्या, ही तं सळाखी बांधायची तार आहे."

"तं काय झालं?" घाटोळे म्हणाला. "माह्या तीन बिल्डिंगी तिच्यावरच उभ्या आहेत."

*

मग माझ्या डोक्यात आलं की नितीनची सगळी करामत हातात नाही, कापसात असेल. त्याच्या कापसासारखा कापूस मला कुठे मिळेना. शेवटी माझ्या बायकोच्या, वैशालीच्या, देवघरात नजर गेली. डबीत फुलवाती होत्या. पांढऱ्याशुभ्र, हातानं वळलेल्या, मऊ. एवढा निवडक कापूस बाजारात कुठे मिळणार?

मी चार उचलल्या. गच्चीवर घोषणा केली की आज खास गावचा कापूस आहे, आज कळेल. नितीनसमोर मुद्दाम सावकाश ओवला. त्या वाती वैशालीनं सणासाठी तुपात बुडवून ठेवल्या होत्या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बोटांना ओशट लागत होतं, पण मला वाटलं कापसाची जात चांगली आहे.

मान म्हणून पहिला कश काकांना दिला. बटण दाबताच गच्चीभर तो वास पसरला. खाली वाळवण काढत असलेली वैशाली तरातरा वर आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "निरांजन कोणं लावलं वरती?"

काकांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आरती झाली वं वैशाली. आता परसाद आण."

*

या किश्श्यावर सगळे हसतात, मीही हसतो. पुढच्यावर मला हसू येत नाही.

वैशालीची काळी पोत तुटली होती. मणी वाटीत काढून ठेवलेले आणि रोज मला आठवण, "ओवून आणा ना जी कुठून." मी रोज हो म्हणायचो. एका रविवारी ती भजी घेऊन वर आली, तर नितीननं विचारलं, "वहिनी, गळ्यात पोत नाही आज?"

मला रोज आठवण करूनही जे दिसलं नव्हतं, ते याला भजी उचलता उचलता दिसलं.

त्यानं मण्यांची वाटी मागवली. आपला चिमटा काढला, कॉइलची उरलेली तार काढली आणि आमचं सगळ्यांचं काम बाजूला ठेवून मणी ओवायला बसला. शेवटची गाठ अशी मारली की वैशालीला ती बोटानंही लागेना. तिनं पोत गळ्यात घातली, दोनदा हात फिरवला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊजींची बायको सुखात असन."

त्या रात्री जेवणात वरण खारट होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

*

एव्हाना सगळ्यांच्या वाट्या नितीनसमोर जायला लागल्या होत्या. माझीही. तोंडानं मी म्हणायचो की दुकानाच्या कामात वेळ मिळत नाही. खरं म्हणजे त्यानं वळलेल्या कॉइलची चव लागल्यावर माझी मलाच ओढवेना, आणि हे मान्य करताना जीव जात होता.

एकच गोष्ट मला त्याच्याकडून हवी होती. तो स्वतःचं यंत्र किती व्होल्टवर ठेवतो, तो आकडा. तेवढा कळला असता की मी त्याला गाठलं असतं, असं मला वाटायचं.

मी विचारलं की तो नुसता हसायचा. मग एका रविवारी पाहतो तर त्यानं यंत्राच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावलेली. वायरच्या जोडाला लावतात ती. माझ्याच दुकानातली.

"हे काहून?" मी म्हणालो.

"डोळ्यात खुपते ना गा तो उजेड."

घाटोळेला तर नादच लागला. दर रविवारी गच्चीवर पाय ठेवला की त्याचा पहिला प्रश्न हाच असायचा, "नित्या, आज किती व्होल्टवर?"

*

पट्टीनंतर नितीन आणखीच थोर झाला. एक दिवस त्यानं घाटोळेची कॉइल वळली, रस टाकला आणि यंत्र तसंच परत दिलं.

"पहिला कश?" घाटोळे गोंधळला.

"ज्याचा त्यानं घ्या ना गा. तो रिवाज आता सोडू."

"माणूस नाही हा, देव आहे," घाटोळे काकांना म्हणाला. जो पहिला कश जाताना माझ्या काळजाला घरं पडली होती, तो या माणसानं उष्टी बशी सरकवावी तसा सरकवून दिला. मला त्याचा मोठेपणा सहन होईना.

पुढे काकांनी आणखी एक शोध लावला. नितीन यंत्र तोंडाला लावतो, ओढतो, पण त्याच्या तोंडातून वाफ दिसत नाही.

"कच्च्या कारागिराचा धूर दिसते," काका म्हणाले. "पक्क्याची सारी चव आतच राहते. याले म्हणते साधना."

झालं. आता मला बिनधुराची साधना करायची होती. मी विचार केला, व्होल्ट कमी तर वाफ कमी. रोज दुकान बंद केल्यावर थोडा थोडा आकडा उतरवत गेलो. रविवारी सगळ्यांसमोर ऐटीत कश घेतला. तार पुरती तापलीच नाही. वाफ होण्याऐवजी आंब्याच्या वासाचा कोमट रस गुळगुळत सरळ घशात आला. मी गिळला, कारण नितीन पाहत होता.

घाटोळे वाकून माझ्या हनुवटीकडे पाहत म्हणाला, "मंगेश, तू वाफ ओढून राहिला का आमरस पिऊन राहिला?"

*

आता शेवटचा. हा मी आजवर कोणाला सांगितला नाही.

त्या रविवारी घाटोळे आणि काका गच्चीच्या पलीकडच्या कठड्याशी उभे होते. मागच्या प्लॉटवर कोणाचा तरी स्लॅब पडत होता आणि घाटोळे दुसऱ्या ठेकेदाराला मनसोक्त नावं ठेवत होता. वैशालीनं खालून आवाज दिला म्हणून नितीन आलुबोंड्याचं ताट आणायला उतरला. त्याचं यंत्र खुर्चीवर राहिलं.

मी ते उचललं. चिकटपट्टीचं टोक नखानं सोडवलं.

स्क्रीन काळा. बटण दाबलं, काही नाही. बॅटरी उतरली असेल म्हणून खालचं झाकण फिरवलं, तर आत बॅटरीच नाही. मग वरची वाटी उघडली. आत तार नव्हती. कापूस नव्हता. रसाचा ओलावाही नव्हता. नुसते दोन स्क्रू, स्वच्छ पुसून ठेवल्यासारखे चमकत होते.

मान वर केली तर नितीन जिन्याच्या दारात ताट घेऊन उभा.

"केव्हापासून?" मी हळूच विचारलं.

"पोळ्यापासून." त्यानं ताट खाली ठेवलं. "काहीच नाही आता. सिगारेटही नाही न् हेही नाही."

ज्यासाठी आम्ही चौघांनी हे सुरू केलं होतं, ते यानं कोणाला न सांगता करून टाकलं होतं. कॉइलचा, काकांच्या त्या "वा"चा, वैशालीच्या पोतीचा, सगळ्यांचा मिळून जेवढा हेवा मी केला होता, त्याहून जास्त हेवा मला त्या रिकाम्या वाटीचा वाटला. माझ्या खिशातलं यंत्र मांडीला टोचत होतं.

"मंग इथं येऊन काहून बसतो दर रविवारी? हे खोटं खोटं ओढून?"

त्यानं ताटातला एक आलुबोंडा उगाच इकडचा तिकडे केला.

"ते सुटलं गा," नितीन म्हणाला. "रविवार नाही सुटला. हातात हे नसलं तं घाटोळ्या उद्यापासून मले बोलावीन का? सांगू नको कोणाले."

मला एक वाक्य बोलायचं होतं. तेवढ्या एका वाक्यात माझं राज्य मला परत मिळणार होतं. वाट्या पुन्हा माझ्यासमोर, पहिला कश माझा. मी चिकटपट्टी अंगठ्यानं दाबून जागच्या जागी बसवली आणि यंत्र त्याच्या हातात दिलं.

तेवढ्यात वासावर घाटोळे आलाच. मागून काका. घाटोळेनं एक आलुबोंडा तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानं विचारलं, "नित्या, आज किती व्होल्टवर?"

नितीननं माझ्याकडे पाहिलं.

"तीन पॉइंट सात," मी म्हणालो.

घाटोळे चावायचा थांबला. घाईघाईनं हात पुसून त्यानं आपलं यंत्र काढलं, बटण दाबत दाबत आकडा तीन पॉइंट सातवर आणला, एक लांब कश घेतला आणि डोळे मिटून म्हणाला, "तरीच."