पत्रकाआडची सापसुरळी

पत्रकांचा जुना गठ्ठा सोडला, की शाईच्या वासाबरोबर मला आमची सापसुरळी आठवते. श्रीगोंद्यात उसाच्या पाचटात सापडलेली ती मी काचेच्या पेटीत पाळली होती, आणि ‘सापसुरळी विषारी नसते’ अशी पत्रकं पेटीच्या चारी बाजूंना चिकटवून गल्लीभर भांडत होतो. हिवाळ्यात ती मातीत निपचित पडून राहिली, पण थंडी सरली तरी नाकतोड्याकडे बघेना. डबीत घालून सोनाराकडे काट्यावर वजन करायला नेली, तर पुन्हा घटलेलं. तो हसला, “सोनं बी एवढं झिजत न्हाई रं!” तिची गुबगुबीत शेपटी काडीसारखी झाली होती. मरते की काय, या धास्तीनं मी किडे बदलून बघत होतो. शेवटी आईनं ओल्या फडक्यानं एका बाजूची पत्रकं सोलून काढली. “आरं, आत ऊनच जात न्हाई. गारठल्यावर भूक लागती व्हय?” तिनं पेटी अर्धी उन्हात, अर्धी सावलीत ठेवली. तिसऱ्या दिवशी सापसुरळीनं नाकतोडा झडप घालून पकडला. आजही मी पत्रकं चिकटवतो, पण आधी बघतो, त्यानं कुणाचं ऊन तर अडत नाही ना.